हात लावू नये

आमच्या शेडच्या दारावर खडूने लिहिलं आहे, ‘हात लावू नये’. अक्षर यांचं. सगळी नोकरी यांनी नकाशे काढण्यात घालवली, त्यामुळे दूधवाल्याला चिठ्ठी लिहिली तरी ती भिंतीवर टांगावी अशी असायची. आता त्या हाताला पेन्सिलही धरवत नाही, म्हणून मी ते पुसत नाही. बाकी त्या शेडमधलं सगळं एकदाचं झाडून बाहेर काढावं, असं मला गेलं वर्षभर रोज वाटत आलं आहे.

शेडमध्ये गाडी आहे. आमच्या लग्नाच्याही आधीची, गुबगुबीत मडगार्डांची, यांच्या मामांनी वापरून वापरून टाकलेली आणि यांनी हौसेने उचलून आणलेली. लोक तिला आता व्हिंटेज म्हणतात. मी भंगार म्हणत आले. तरी खोटं कशाला बोलू, लेकीला इस्पितळातून घरी आणलं ते हिच्यातूनच, आणि लग्न होऊन ती गेली तीही हिच्यातूनच. दोन्ही वेळा गाडी वाटेत बंद पडली. दोन्ही वेळा मी आत घामाघूम, आणि हे बॉनेट उघडून खुशीत उभे.

निवृत्त झाल्यावर यांनी ठरवलं, गाडीला नवा रंग द्यायचा, आणि तोही घरीच. लेक म्हणाली, “बाबा, गॅरेजमध्ये द्या ना सरळ. त्यांच्याकडे बंद खोली असते, रंगावर धूळ बसत नाही.”

“बाहेर दिलं की ते त्यांच्या सवडीने करतात,” हे म्हणाले. “आपल्या माणसाचं आपणच करावं.”

मग काय, घराची रया गेली. जुना रंग खरवडला, गंज काढला, पोच आलेल्या जागी लांबीची पुट्टी भरली, ती वाळली की पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने परत घासली. भुकटी पडद्यांवर, भुकटी भांड्यांवर, भुकटी माझ्या शिलाई मशीनवर. मी आयुष्यभर शाळांचे गणवेश शिवले. पांढऱ्या कापडाला बोट लागलं तरी माझा जीव वर-खाली होतो. आमची रोज जुंपायची. शेवटी एकदा भाड्याने कॉम्प्रेसर आणून यांनी गाडीवर राखाडी प्रायमर मारला. प्रायमर म्हणजे रंगाखालचं अस्तर. हे मला समजावून सांगत होते की त्याला काही लागलं तर तो पिऊन टाकतो, म्हणून वरचा रंग चढेपर्यंत कोणी बोटसुद्धा टेकवायचं नाही. तेव्हाच दारावर ते खडूचं लिहिलं. त्याच आठवड्यात सकाळी दाढी करताना यांच्या हातातून रेझर पडला, आणि त्याच्या मागोमाग हे.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. शब्द उरले चारच. ‘हो’, ‘नको’, ‘आधी’ आणि ‘च्यायला’. बाकीचे अडखळत, अर्धेमुर्धे यायचे, पण ‘च्यायला’ अगदी खणखणीत. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. मी म्हटलं, यांच्या बाबतीत व्हायचंच होतं.

तेव्हापासून मी दमले आहे. हे मी कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक कौतुक करतात. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, बाथरूममधून परत खुर्चीत. खुर्ची चाकांची आहे, पण माणूस तिच्यात उचलूनच घालावा लागतो, आणि हे काही काटकुळे नाहीत. माझी कंबर कधीच गेली. सकाळी मी यांच्या हातापायांना तेल लावून मालिश करते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईने सांगून ठेवलंय की दिवसभरही डाव्या हाताने उजवा हात चोळत राहायचा. म्हणून खुर्चीला तेलाची बाटली बांधलेली, आणि यांचा डावा तळवा कायम तेलाने चकाकत असलेला. पेला निसटतो, रिमोट निसटतो, दाराच्या कड्या बुळबुळीत होतात. मी फडकं घेऊन मागे मागे.

थंडीत एकदा हे एकटेच उठायला गेले. मी स्वयंपाकघरात होते. धप्प आवाज आला, जाऊन बघते तर पलंग आणि कपाटाच्या मध्ये आडवे. मला काही उचलवेना. शेजारचे वकील अंगावर टॉवेल गुंडाळून धावत आले, तेव्हा कुठे हे वर आले आणि माझी पाठ कायमची धरली. त्या दिवशी माझा तोल सुटला. “पुन्हा एकटे उठलात तर माझं मेलं तोंड बघाल!” असं वकिलांच्या देखत म्हटलं. हे खाली मान घालून म्हणाले, “हो.”

त्यानंतर हे शहाण्यासारखे वागायला लागले. निदान मला तसं वाटलं. जेवण झालं की म्हणायचे, “गा... गा...” मी खुर्ची ढकलत शेडच्या तोंडाशी नेऊन ठेवायची, गाडीच्या अगदी नाकासमोर. तिथे हे निवांत बसायचे. मी आत येऊन पाठ टेकायची ती मेल्यासारखी झोपायची. दिवसाकाठी तेवढीच माझी म्हणून काय ती झोप. लेकीला मी फोनवर सांगायची, “दुपारचे अगदी शांत असतात गं, काही त्रास नाही.” त्रास एवढाच की रोज शर्टाचा उजवा खांदा पांढरा व्हायचा. गाडीचीच भुकटी उडत असेल, म्हणून मी बडबडत धुवायची.

मध्ये एकदा लेक राहायला आली. मी वाकून वाकून चालते ते तिने दिवसभर पाहिलं आणि संध्याकाळी विषय काढला. तिच्या ऑफिसपासून जवळ एक शुश्रूषा केंद्र आहे. नर्सबाया आहेत, उचलायला दणकट माणसं आहेत, बाग आहे.

“आई, अशाने बाबांच्या आधी तू जाशील,” ती म्हणाली. “ज्याला उभंसुद्धा राहता येत नाही, त्याला तू एकटी किती दिवस उचलणार?”

मी रडले नाही. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? झोप. रात्रभर सलग झोप, कूस बदलून पुन्हा झोप. त्यानंतर मग बाकीचं सगळं वाटलं.

हे समोरच होते. म्हणाले, “नको.” लेकीने समजावलं. पुन्हा “नको.” तिने हात हातात घेऊन माझ्या पाठीचं सांगितलं. तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने हवेत आडवे फटकारे मारत म्हणाले, “गा... आधी.”

“रंग झाला की जाल?” लेकीने विचारलं.

“हो.”

“नक्की? शब्द?”

“हो. च्यायला.”

मला वाटलं, वेळ काढताहेत. गाडीचं एकदा झालं की आपली जबाबदारी संपेल, मग कुठेही न्या, असा काहीतरी हिशेब. मी म्हटलं, देऊन टाकते गॅरेजात. हे म्हणाले, “घ... घ...” मी वैतागून विचारलं, “घरी कोण मारणार रंग? मी? नाकाला रुमाल बांधून?” यावरचं यांचं उत्तर चार शब्दांत मावणारं नव्हतं.

शेवटी मी गॅरेजच्या रंगवाल्यालाच बोलावलं. तो आला मोठ्या ऐटीत. गळ्यात मास्क, पोट पुढे, चालताना प्रत्येक पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक. आमची गाडी शेडमध्ये भिंतीला बरीच चिकटून उभी असायची. डाव्या अंगाला जी बोळकांडी उरायची तिच्यात एक माणूस जेमतेम शिरेल. रंगवाल्याचं पोट तिथे अडलं, म्हणून ती बाजू त्याने वाकूनच बघितली.

“प्रायमर काढावा लागेल,” तो म्हणाला. “घरगुती काम आहे. वर डागही दिसताहेत. मी दुसऱ्याच्या अस्तरावर रंग मारत नाही.”

“नको!” हे खुर्चीतून ओरडले. “नको, नको! च्यायला!”

रंगवाला माझ्याकडे बघायला लागला. एरवी मी यांच्या बाजूने बोलले नसते. पण खडूचं अक्षर तिथेच दारावर होतं. मी म्हटलं, “राहू द्या हो. एवढंच उरलंय यांच्या हातचं. वरून घासा, पुसा, काय करायचं ते करा, पण काढू नका.”

“मग उद्या काही झालं तर मला बोलायचं नाही.”

“नाही बोलणार.”

गाडी न्यायच्या दिवशी हे मडगार्ड सोडेनात. मागे उचलगाडीचं इंजिन सुरू, रंगवाला घड्याळ बघतोय, आणि हे त्या राखाडी पत्र्याला पंजा चिकटवून बसलेले. मी एकेक बोट सोडवलं. कोवळ्या पोराच्या हातातून खेळणं काढून घेतल्यासारखं वाटलं, आणि त्याचाही मला रागच आला.

गाडी गेल्यावर शेडची भिंत उघडी पडली. चुन्यावर ठिकठिकाणी काळपट, तेलकट डाग. मी म्हटलं, गाडीचंच ग्रीस, दुसरं काय. एकदा चुना मारून घेऊ.

आणि हे बसले ते बसलेच. दुपारी नेहमीच्या जागी नेऊन ठेवलं की रिकाम्या शेडकडे बघत राहायचे. घास तोंडात घोळवत बसायचे. हात चोळायचं बंद केलं, तेलाची बाटली तशीच भरलेली. बाथरूमला नेताना पूर्वी निदान डाव्या पायावर थोडा भार द्यायचे. आता तोही देईनात, सगळं ओझं माझ्यावर. माणूस रुसला म्हणजे किती रुसावा? मी बोलायची, “नुसती रंगाला दिलीय हो, विकली नाहीये.” हे डोळे मिटून घ्यायचे. एक तेवढं बरं झालं, शर्टाचा खांदा स्वच्छ राहायला लागला.

मी केंद्राच्या तयारीला लागले. तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, म्हणून प्रत्येक कपड्यावर नाव शिवून पाठवायला सांगितलं होतं. हजारो गणवेशांवर मी शाळांची नावं शिवली असतील, कधी सुई बोचली नाही. यांच्या बनियनवर नाव घालताना अंगठ्याची चाळण झाली. नवऱ्याला पाठवायचं ठरवलेली बाई रात्री शांत झोपत असेल, असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे.

मग रंगवाल्याचा फोन आला. “येऊन बघा एकदा. फोनवर सांगण्यासारखं नाही.”

लेकीने सुट्टी टाकली, यांच्यापाशी बसली, आणि मी बस पकडून गेले.

गॅरेजात थिनरचा वास नाकात बसला. रांगेने गाड्या, कुणाचे दरवाजे काढलेले, कुणाच्या काचांना कागद डकवलेले. आमची गाडी आतल्या खोलीत, ट्यूबलाइटच्या झगझगाटात उभी होती. पारवा रंग, यांनी कधीच ठरवून ठेवलेला. इतकी देखणी दिसत होती की इतकी वर्षं भंगार म्हटल्याची मला लाज वाटली. मी म्हटलं, “चांगली तर झालीय!”

रंगवाल्याने हातात दिवा घेतला आणि पत्र्यावर तिरका धरला.

रंगाला डोळे पडले होते. म्हणजे बारीक बारीक गोल खळगे, मध्ये खालचं राखाडी अस्तर उघडं आणि कडेला रंग मागे सरकून गोळा झालेला. एक नाही, दोन नाही, जिकडे तिकडे झुबकेच्या झुबके.

“तेल,” तो म्हणाला. “तेल असलं की रंग तिथे धरत नाही, बाजूला पळतो. मी घासलं, थिनरने धुतलं, पुन्हा मारला. पुन्हा त्याच जागी. आत मुरलंय ते. म्हणून म्हणत होतो प्रायमर काढू या.” मग त्याने विचारलं, “घरी तेलकट हात कोण लावत होतं?”

“कोणी नाही. आम्ही दोघंच असतो.”

“कोणी नाही कसं? हे बघा.” त्याने आपला पंजा एका झुबक्यावर धरला. त्याचा पंजा मोठा होता, पण बोटं बरोबर बोटांवर बसत होती. “पंजा आहे हा, बाई. डावा.”

मी दिवा त्याच्या हातातून घेतला. पुढचं डावं मडगार्ड, ज्याच्यासमोर मी खुर्ची ठेवायची, तिथे तर डोळ्यांची दाटी होती. पंजावर पंजा, पंजावर पंजा, इतके की वेगळे करता येईनात. तिथून पुढे दार. काचेखालच्या कडेवर पंजे, अजूनही पुष्कळ. मग मागचं दार, तिथे कमी. ही सगळी भिंतीकडची बाजू, ती बोळकांडी, जिथे खुर्ची शिरूच शकत नाही. हे पंजे कमरेच्या उंचीवर होते. उभ्या माणसाचे होते.

मी चालत राहिले. मागच्या मडगार्डावर सुटे सुटे, मोजता येतील असे. डिकीवर आणखी विरळ, तिथे धरायलाही काही नाही, नुसता उतरता पत्रा. मी वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला आले. तिथे रंग नितळ होता. मी दिवा खाली-वर केला. मग दिसलं, मागच्या दारावर एक, पुढच्या दारावर एक, आणि पुढच्या मडगार्डावर एक. एकेकच. एकदाच हे इथवर पोचले होते. एकदाच पूर्ण फेरी झाली होती. आणि मी गाडी उचलून नेली.

भिंतीवरचे ते डाग ग्रीसचे नव्हते. परत फिरताना गाडी दुबळ्या अंगाला येत असणार, म्हणून डाव्या हाताने भिंत धरली असणार. आणि जाताना उजवा खांदा भिंतीला टेकवत, घासत गेले असणार. ती चुन्याची पांढरी भुकटी मी रोज धूत होते आणि रोज बडबडत होते.

पहिल्यांदा मला संताप आला. त्या बोळकांडीत पडले असते तर? कोण काढणार होतं? मी आत घोरत पडलेली, आणि हा माणूस माझी शपथ मोडून... मग तिथल्या एका उलट्या डब्यावर मी बसले. मी ओरडले होते म्हणून हा माणूस चोरून चालत होता. माझी झोप मोडू नये म्हणून आवाज न करता चालत होता. रंग झाला की जातो म्हणाला, कारण रंग होईपर्यंत एक फेरी पुरी होईल असा त्याचा अंदाज असेल. फेरी झालीही. पण ‘बघ’ हा शब्द त्या चारांत नव्हता.

रंगवाल्याने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, रंग बिघडला म्हणून मी बसले. “घाबरू नका,” तो म्हणाला, “पत्र्यापर्यंत सगळं काढतो. नवीन अस्तर, नवीन रंग. वेळ लागेल, पण आरशासारखी करून देतो.”

“गाडी आज घरी पाठवा.”

“काय?”

“आजच. आत्ता.”

“असला रंग घेऊन? बाई, या अवस्थेत गाडी माझ्या दारातून बाहेर गेली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. माझं नाव आहे इथे.”

“तुमचं नाव कोणाला सांगत नाही. पण गाडी पाठवा.” आवाज चढला तसा मलाच तो परका वाटला. “तिला धरून माझा नवरा चालायला शिकतोय.”

तो गाडीकडे बघायला लागला. मग पुढे होऊन त्याने ड्रायव्हरच्या बाजूचा तो शेवटचा पंजा शोधला, दिवा धरून नीट बघितला. दिवा बंद करून म्हणाला, “उचलगाडी जेवणानंतर मोकळी होईल. मी स्वतः येतो बरोबर.”

आम्ही पोचलो तेव्हा हे शेडच्या तोंडाशी खुर्चीत होते, आणि शेजारी स्टुलावर लेक यांच्या सदऱ्यावर नाव शिवत होती. माझी लेक, पण शिवणं तिला कधी जमलंच नाही. गाडी बघून ती उठली. “अगं, इतक्यात झाली? आणि हे काय, रंगाला काय झालंय?”

मी तिला म्हटलं, “थांब जरा.” आधी गाडी आत लावून घेतली.

“अजून भिंतीकडे,” मी रंगवाल्याला सांगितलं.

“घासेल.”

“घासू दे. अजून थोडी. एक माणूस मावेल एवढीच जागा ठेवा.”

त्याची माणसं गाडी ढकलून, लावून बाहेर गेली. तो मात्र फाटकापाशी रेंगाळला. हे डोळे बारीक करून मडगार्ड बघत होते. नकाशेवाल्याची नजर, त्यांना सगळं लगेच दिसलं. “च्यायला,” म्हणाले. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि त्या चेहऱ्यावर काय होतं ते मी विसरणार नाही. लहान पोरगं डब्यात हात घालताना सापडावं तसं. हे मला घाबरले होते. इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाने मला असं घाबरावं हे मला सहन होईना.

मी खुर्चीचा ब्रेक लावला. पावलं टेकवायच्या पट्ट्या बाजूला केल्या. तेलाची बाटली सोडून खाली ठेवली, यांचा डावा तळवा माझ्या पदराला पुसला.

“उठा,” मी म्हटलं.

यांनी लेकीकडे बघितलं, परत माझ्याकडे.

“मी बघितलंय सगळं. उठा.”

डावा हात मडगार्डावर गेला. शोधावा लागला नाही, आपोआप त्या दाटीवर जाऊन बसला. मग यांनी दम घेतला, पुढे झुकले, आणि उठले. कण्हत, थरथरत, उजवा पाय ओढत, पण उठले. लेक किंचाळत पुढे झाली. मी तिचं मनगट धरलं.

“आई, पडतील!”

“भिंत आहे.”

“पण...”

“भिंत आहे म्हणते ना. गप्प उभी राहा.”

हे बोळकांडीत शिरले. खांदा भिंतीवर घासल्याचा आवाज आला, मग पाय ओढल्याचा, मग काहीच नाही. दम घेत असतील. पुन्हा घासल्याचा आवाज. मला धावत जाऊन धरावंसं वाटत होतं आणि जागचं हलावंसंही वाटत नव्हतं. गाडीच्या टपावरून यांच्या डोक्याचे पांढरे केस तेवढे दिसत होते, हळूहळू मागे सरकणारे.

लेक रडत होती. हातातला सदरा तिने छातीशी धरला होता, सुई तशीच लोंबत होती. “त्यांना काय सांगू?” तिने विचारलं. “केंद्राला? ते जागा धरून बसलेत.”

“काय ठरलं होतं? रंग झाला की जायचं.” मी म्हटलं. “रंग कुठे झालाय?”

फाटकापाशी उभा असलेला रंगवाला म्हणाला, “हा रंग सावकाशच होणार.” आणि मास्क सारखा करत निघून गेला.

केस डिकीच्या मागे गेले. तिथे यांना फार वेळ लागला. माझ्या कमरेत कळ निघाली, पायांत पेटके आले. सकाळपासून बस, गॅरेज, उचलगाडी, आणि पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. यातून काही सगळं सुटणार नव्हतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. उद्याही उचलायचं होतं, परवाही. पण आता उचलताना समोरून कोणीतरी जोर लावणार होतं. समोर रिकामी खुर्ची होती. मी तिच्यात बसले. बसले ती अशी की हाडं सुटी झाल्यासारखं वाटलं, डोळे मिटायला लागले.

घासत घासत आवाज ड्रायव्हरच्या बाजूला आला. मागचं दार, पुढचं दार. मी डोळे उघडले तर हे समोर उभे, मडगार्डाला धरून, घामाने निथळत. खुर्चीत मी. यांनी खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले.

“ऊठ,” हे म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा निघालेला पाचवा शब्द.

“थांबा,” मी म्हटलं. “जरा वेळ उभे राहा. मी दमलेय.”